‘बत्तीसनं काय होतंय?’

सावेडीतल्या एका टपरीवर गेल्या हिवाळ्यात एक वाक्य कानावर पडलं आणि हातातला चहा कडू झाला. बोलणारा तिशीच्या आतला, प्लॉटिंगच्या धंद्यातला, गळ्यात साखळी, रस्त्यावर आडवी लावलेली पांढरी गाडी. शस्त्र परवान्याचा अर्ज केलाय, ‘वरून फोन झालाय’, त्यामुळे मिळणारच. प्रश्न एवढाच, की घ्यायचं काय. शेजारच्यानं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्वर सुचवलं, तसा हा खेकसला, “बत्तीसनं काय होतंय? मच्छर मरतोय त्यानं. घ्यायचं तर नऊ एमएम. एक गोळी, एक माणूस.” टपरीवरच्या चौघांनी माना डोलावल्या. त्या चौघांपैकी एकानंही आयुष्यात रिव्हॉल्वरचा चाप ओढला नसावा. पण माना अशा डोलल्या, की वाटावं सगळे भिंगारच्या रणगाडा केंद्रातून परवाच निवृत्त झालेत.

हे मत त्या एकट्या पोराचं असतं तर पैसे देऊन मी उठलो असतो. पण हेच मी राहुरीत ऐकलंय, नेवाशात ऐकलंय, श्रीगोंद्याच्या एका लग्नात पंगत बसायच्या आधी ऐकलंय. शिकलेली माणसंसुद्धा हेच बोलतात. त्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा नीट मांडतो, म्हणजे पुढे तक्रार नको. बोर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, जितका मोठा तितका माणूस सुरक्षित. बत्तीस म्हणजे खेळणं, सरकारनं सामान्य माणसाच्या गळ्यात मुद्दाम मारलेलं. चोरांकडे बिनपरवान्याचं भारी हत्यार आणि आपल्याकडे कागदपत्रांसकट हलकं, हा कुठला न्याय? वस्तीवर राहणाऱ्यानं दरोडेखोर आले तर काय करायचं, बिबट्या आला तर काय करायचं? आणि सगळ्यात शेवटी हुकमाचं पान: चालवायची वेळच येत नाही हो, नुसतं दाखवलं तरी काम होतं.

या हुकमाच्या पानानं आधीचे सगळे पत्ते कापले जातात, हे खेळणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. नुसतं दाखवूनच भागणार असेल तर बोरचा वाद कशाला? समोरचा काय नळीत पट्टी घालून मोजणार आहे?

पण मुळात निवड करायला तुम्हाला विचारलंय कुणी? नागरिकानं कोणत्या बोरचं हत्यार बाळगायचं हे टपरीवर ठरत नाही, दुकानातही ठरत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांनी ते केव्हाच ठरवून ठेवलंय. लष्कर-पोलिसांचं ९ एमएमचं काडतूस ज्यात बसतं ते पिस्तूल प्रतिबंधित. जुन्या इंग्रजी .३८० आणि .४५५ च्या रिव्हॉल्वरांनाही तोच नियम. यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊच शकत नाहीत. तो कागद दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयात जातो, आणि तिथं ‘वरून फोन’ करायला वर कुणी उरत नाही. १९८० च्या दशकात आयात बंद झाली, तेव्हापासून जुनी विलायती हत्यारं हातोहात अवाच्या सवा भावानं फिरतात. ती सोडली तर साध्या माणसाच्या वाट्याला येतं ते बत्तीस, नाहीतर बावीस. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीसचं रिव्हॉल्वर. ‘अशनी’ नावाचं बत्तीसचंच पिस्तूल (मराठीत अशनी म्हणजे आभाळातून पडलेला दगड, हे नाव ठेवणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही). आणि दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून वाजतगाजत आणलेलं ‘निर्भीक’, वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेही बत्तीसच. म्हणजे ‘बत्तीस की नऊ एमएम’ हा वाद, नगरहून लंडनला एसटीनं जावं की रेल्वेनं, असल्या जातीचा आहे.

मग नऊ एमएमचा हट्ट धरणारा ते आणणार कुठून? चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीत उमर्टी नावाचं गाव आहे. नगरच्या पोरांना ते भूगोलाच्या पुस्तकामुळे माहीत झालेलं नाही, पोलिसांच्या प्रेसनोटमुळे झालंय. ‘गावठी कट्टा व जिवंत काडतुसे हस्तगत’ या मथळ्याखालच्या बातमीत खाली कुठेतरी ते नाव असतंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार विनापरवाना सापडलं तर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त चौदा. स्वसंरक्षणासाठी सात वर्षं येरवड्यात जाऊन बसायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथं दरोडा पडत नाही हे खरंच.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. त्या प्रेसनोटांमध्ये पिस्तुलाचं माप म्हणून अनेकदा ‘७.६५’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून आमचे टपरीवरचे तज्ज्ञ म्हणतात, बघा, चोरांकडे सात पासष्ट! अहो, ७.६५ एमएम आणि पिस्तुलाचं पॉइंट बत्तीस हे एकच काडतूस आहे. एक माप मिलिमीटरमधलं, एक इंचातलं. ब्राउनिंग नावाच्या अमेरिकनानं एकोणिसावं शतक संपता संपता ते बेल्जियमच्या कारखान्यासाठी तयार केलं आणि दोन्ही नावांनी ते जगभर गेलं. ज्या चोराच्या ‘भारी’ हत्याराची भीती घालून तुम्ही बत्तीसला हसता, त्याच्याही हातात बत्तीसच असतं, आणि तेही भात्यावर ठोकून केलेलं. रिव्हॉल्वरचं बत्तीस मात्र वेगळं हं. त्याची पुंगळी लांब, बुडाला कडा, आणि ते पिस्तुलात चालत नाही. एवढंही ठाऊक नसलेला माणूस बोरवर व्याख्यान देतो, तेव्हा एसटीच्या कंडक्टरनं विमान उतरवण्याबद्दल बोलावं तसं वाटतं.

आता ‘एक गोळी, एक माणूस’ हे सूत्र घेऊ.

मी पेशानं शिक्षक. शाळेत बरीच वर्षं एनसीसी सांभाळली, त्यामुळे बंदुकीशी संबंध आला तो कागदाच्या चांदमारीवर. एका ओळखीच्या परवानाधारकानं एकदा बत्तीसचं काडतूस तळहातावर ठेवायला दिलं होतं. पितळेची बारकी बाटली, टोकाला शिशाचं राखाडी बोंड, वजन एखाद्या बोरीच्या बोराएवढं. (बोर आणि बोर, चालू द्या.) खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ अशी अक्षरं बुडावर उठलेली. त्या गोळीचा व्यास आठ मिलिमीटरला किंचित कमी. नऊ एमएमचा नऊ. दोन्हींतला फरक चार पोस्टकार्डं एकावर एक ठेवली की दिसतो तेवढा. या चार पोस्टकार्डांसाठी टपरीवर भांडणं होतात.

लगेच कुणीतरी म्हणेल, व्यास सोडा, जोर बघा. बघू. रिव्हॉल्वरच्या बत्तीसची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास, पिस्तुलाच्या बत्तीसची पावणेदोनशे, नऊ एमएमची पाचशेच्या जवळ. तिप्पट. मान्य, आणि एवढंच काय ते मान्य. पण सिनेमात गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडतो आणि काच फोडून खाली पडतो, ते या तिपटीमुळे होत नाही, दिग्दर्शकामुळे होतं. ताशी १४० किलोमीटर वेगानं आलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा धक्का, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, नऊ एमएमच्या गोळीच्या दुपटीहून जास्त असतो. बुमराचा चेंडू छातीवर बसला म्हणून कुणी पॅव्हेलियनमध्ये जाऊन पडल्याचं ऐकलंय? गोळीच्या धक्क्यानं समोरचा उडणार असेल, तर तेवढाच धक्का झाडणाऱ्याच्या मनगटातही बसतो. मग तोही उलट्या दिशेनं उडायला हवा. दोघं एकमेकांपासून दूर उडताहेत, हे चित्र मला तरी तमाशातल्या बतावणीत शोभेलसं वाटतं.

गोळी मारते ती जिथं शिरते तिथल्या अवयवामुळे. ही काही माझी अक्कल नव्हे. १९०४ मध्ये अमेरिकी लष्करानं दोन अधिकारी शिकागोच्या कत्तलखान्यात पाठवले, थॉम्पसन आणि लागार्ड. फिलिपीन्समध्ये .३८ च्या गोळ्या खाऊनही मोरो योद्धे अंगावर धावून येत होते, म्हणून कोणता बोर पुरेल ते शोधायचं होतं. त्यांनी जिवंत गुरांवर आणि मढ्यांवर निरनिराळ्या गोळ्या झाडल्या आणि सांगितलं, पंचेचाळीसपेक्षा खाली जाऊ नका. टपरीवाले इथवर ऐकतात आणि टाळी वाजवतात. पण त्याच अहवालात पुढे हेही आहे, की मर्मी लागल्याशिवाय कुठल्याच पिस्तुलाच्या गोळीचा भरवसा नाही, तेव्हा सैनिकांकडून नेमबाजी घोटून घ्या. ते वाक्य कुणी वाचत नाही. घोटून घेण्यात काय मजा?

ऐंशी वर्षांनी तीच चूक तिथल्या संघीय पोलिसांनी, एफबीआयनं केली. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच नऊ एमएमची गोळी दंडातून छातीत लागली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम जीवघेणीच होती, पण तो माणूस मरायच्या आधी काही मिनिटं लढत राहिला. दोन अधिकारी ठार, पाच जखमी. त्याच्या अंगात शेवटी बारा गोळ्या मोजल्या. कुठे गेलं ‘एक गोळी, एक माणूस’? दोष दिला गेला तो बोरला. नऊ एमएम कमी पडलं, दहा आणा. दहा एमएम हातात मावेना, धक्का सोसवेना, म्हणून १९९० च्या सुमारास ते कापून .४० आलं. आणि २०१४ मध्ये त्याच संस्थेच्या प्रशिक्षण विभागानं लिहून दिलं, की पुन्हा नऊ एमएमकडे चला. “बघा, शेवटी नऊ एमएमच!” असं आता कुणी ओरडेल, त्यानं थांबावं. ते मोठ्याकडून लहानाकडे आले. आधुनिक गोळ्यांच्या जखमांत बोरनुसार फारसा फरक दिसेना, आणि हलक्या धक्क्याच्या हत्यारानं त्यांच्या माणसांचे नेम जास्त लागत होते, म्हणून. जगातल्या सगळ्यात पैसेवाल्या पोलिसांना अठ्ठावीस वर्षं आणि तीन बोर घालवून जे कळलं, ते आमच्या सावेडीला फुकट मिळत असूनही नकोय.

बोरचीच पुण्याई असती तर नगरइतकं सुरक्षित शहर पृथ्वीच्या पाठीवर नसतं. मुलुख मैदान तोफ विजापूरची म्हणून सगळे ओळखतात, पण ती ओतली गेली आपल्या नगरात, १५४९ साली, निजामशाहीचा तुर्की कारागीर मुहम्मद बिन हुसेन रूमी याच्या हातून. पंचावन्न टनांच्या आसपास वजन. तोंडाचा व्यास अठ्ठावीस इंच, म्हणजे सातशे एमएम! नऊ नव्हे, सातशे! झालं काय? १६०० मध्ये मोगलांनी भुईकोट किल्ला घेतला. त्याच्या आधी किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीला मारलं ते अकबराच्या तोफखान्यानं नव्हे, किल्ल्यातल्या तिच्याच माणसांनी. आणि तोफ पुढे आदिलशाहीनं परांड्याहून उचलून विजापूरला नेली, मिरवायला.

बत्तीसला खेळणं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की २२ एप्रिल २००६ ला वरळीच्या घरात भाजप नेते प्रमोद महाजनांवर झाडल्या गेलेल्या गोळ्या बत्तीसच्या होत्या. पिस्तूल परवान्याचं होतं. झाडणारा सख्खा भाऊ. ३ मे रोजी ते गेले. देशातली सर्वात चांगली वैद्यकीय मदत हाताशी असताना. या विषयावर मी विनोद करणार नाही. फक्त ‘मच्छर मरतोय’ म्हणणाऱ्यानं ते वाक्य गिळावं.

हातात काय आहे यापेक्षा हात कसा आहे हे विचारावं, असं मी वर्गात सांगायचो. एनसीसीच्या पॉइंट बावीस रायफलीनं पोरं पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या मारायची. जमिनीवर पालथी, रेतीच्या पिशवीवर टेकवून, वारा नाही, घाई नाही, मागे हवालदार सांगतोय, श्वास धर, चाप दाबू नको, पिळत जा. तरी गोळ्या कागदभर पसरायच्या. एक पोरगा मात्र असा होता, की त्याच्या पाच गोळ्या एका रुपयाखाली झाकाव्यात. पुढे स्पर्धेला नेला. तिथं शिट्टी, आरडाओरडा, शेजारी अनोळखी पोरं. त्याच्या पाचांपैकी दोन गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत. रडत म्हणाला, “सर, हात थरथरत होता.” ही रायफल, लांब नळीची. रिव्हॉल्वरची नळी बोटभर, चाप जड, समोर कागदाऐवजी माणूस, रात्रीचे दोन, अंगात बनियन आणि मागे बायको किंचाळतेय. आता सांगा, बोर कोणता घेऊ?

नव्या नियमांत परवान्याआधी हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळाल्यावर वर्षातून एकदा तरी दहा गोळ्या कागदावर मारणारे परवानाधारक आपल्या जिल्ह्यात किती असतील? माझ्या ओळखीतले मोजायला मला एका हाताची बोटंही जास्त होतात. पण कमरेला लावून लग्नात जाणारे? ते मोजायला मांडव पुरत नाही.

आता वस्तीचा प्रश्न. इथं मी हसणार नाही, कारण मी वस्तीवरच वाढलो. जानेवारी २००१ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीवर दरोडेखोरांनी लुटीबरोबर बायकांवर जे अत्याचार केले, त्यानंतर या जिल्ह्यातल्या वस्त्यांवर कित्येक महिने कुणी नीट झोपलं नव्हतं. ती भीती खोटी म्हणणारा नगरचा नव्हे. म्हणूनच त्या भीतीवर बोरचा धंदा चालतो याचा मला जास्त राग येतो.

आमच्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बारा बोर होती. मुळेच्या कालव्याखालचा ऊस, त्यात रानडुकरं, म्हणून घेतलेली. बारा बोर म्हणजे ऊर्जेच्या भाषेत दोन हजार ज्यूलच्या वर. तुमच्या नऊ एमएमच्या चौपट. एका अमावास्येला चोर आले. कुत्रं आधी भुंकलं आणि मग अचानक गप्प झालं, तेव्हा बाबा उठले. बंदूक कपाटात, कारण घरात पोरं. कपाटाची किल्ली आईच्या कनवटीला, आणि आई त्या रात्री माहेरी. काडतुसं दुसऱ्याच पेटीत, तिच्यावर धान्याचं पोतं. बाबांनी पोतं हलवलं, पेटी उघडली, कंदिलाच्या उजेडात काडतूस शोधलं, मग कुलूप फोडायला हातोडा शोधला. तेवढ्यात चोर दोन शेळ्या आणि पंपाची केबल घेऊन ओढ्यापलीकडे गेले होते. जाग आली कुणामुळे? कुत्र्यामुळे. चोर पळाले कशानं? शेजारच्या वस्तीवरचे चुलते डबा वाजवत आले म्हणून. बारा बोर त्या रात्री कुलपातच राहिली, आणि राहिली तेच बरं, कारण ओढ्याकडे पहिल्यांदा धावत गेलेली काळी आकृती माझ्या थोरल्या भावाची होती.

दर निवडणुकीत ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आचारसंहिता लागली की नोटीस यायची, बाबा सायकलच्या दांडीला पोत्यात गुंडाळून ती न्यायचे, हवालदार सुतळीनं चिठ्ठी बांधायचा, पावती द्यायचा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालानंतर कुणाचं हत्यार जमा करायचं याची छाननी समिती करते, सरसकट होत नाही, पण होतंच. म्हणजे गावात डोकी तापलेली असतात, उमेदवारांची पोरं रात्री गाड्या फिरवतात, नेमकं तेव्हा तुमचं स्वसंरक्षण सरकारी मालखान्यात ओल खात पडलेलं असतं. बोर कुठलाही असो.

आणि समजा, चोर घरात शिरले, हत्यार हातात आलं, गोळीही लागली. पुढे? भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत आत्मसंरक्षणाचा हक्क आहे, रात्री घरफोडी करणाऱ्याविरुद्ध तो जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, हे खरंय. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, हीही अट आहे, आणि गरज किती होती हे रात्रीच्या दोन वाजता ठरत नाही. ते ठरतं दिवसाउजेडी, पंख्याखाली, सरकारी वकिलांच्या उलटतपासणीत. चोर शेळी घेऊन पाठ फिरवून पळत होता की अंगावर येत होता, हे ती गोळी पुढून शिरली की मागून यावरून ते सांगतात. तिथंही बोर विचारतात, पण पंचनाम्यात भरायला.

बिबट्याचं एका परिच्छेदात उरकतो, कारण त्याला तेवढंच महत्त्व आहे. अकोले तालुक्यातल्या खोऱ्यात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला पाचेक प्रौढ बिबटे निघाले, उसात, माणसांच्या गर्दीत. म्हणजे बिबट्या आपला शेजारीच आहे. तो हल्ला करतो तो मागून, वाकलेल्या माणसावर किंवा लेकरावर, आणि सेकंदात. खुरपायला वाकलेली बाई कमरेचं पिस्तूल काढून मागे वळून नेम धरणार? जखमी बिबट्या उसात शिरला तर पुढच्या आठवड्यात त्याची किंमत शेजारचा चुकवतो, हे अकोले-संगमनेरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

राहिलं ते ‘नुसतं दाखवायचं’. दाखवणाऱ्यांचं काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलंय. मुळशीत जमिनीच्या वादात शेतकऱ्यांपुढे पिस्तूल नाचवणाऱ्या बाईंची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये घरोघर फिरली. पिस्तूल परवान्याचं होतं, त्यांना अटक झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या डोळ्यांदेखत, आमदारानं परवान्याच्या हत्यारातून गोळ्या झाडल्याचा गुन्हा दाखल झाला. ऑक्टोबरात अभिनेता गोविंदा यांचं परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना सुटलं आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली. दरोडेखोर या तिन्ही प्रसंगांत कुठे होता? आणि आमच्या शेजारचा बीड जिल्हा! मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतर हिशेब निघाला, तर एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने. त्यातले कितीतरी मग रद्द करावे लागले. परवान्यांनी सुरक्षितता येत असेल तर बीड ही महाराष्ट्राची सर्वात निवांत जागा असायला हवी होती. वाळूचे ठेके, पवनचक्क्यांची खंडणी आणि चौकातल्या हवेतल्या गोळ्या यांना निवांतपणा म्हणत असतील तर माझा शब्द मागे.

मला चीड येते ती याच ठिकाणी. स्वसंरक्षण हा शब्द कुणाच्या तोंडी आहे बघा. सोनईला जानेवारी २०१३ मध्ये तीन दलित सफाई कामगार तरुण मारले गेले. खर्ड्याला एप्रिल २०१४ मध्ये शाळकरी वयाचा दलित पोरगा मारला गेला. या जिल्ह्यात ज्यांना खरोखर जिवाची भीती होती, त्यांच्यापैकी कुणी परवान्याच्या खिडकीपुढे उभं होतं का? असतं तरी कागदपत्रं बघून त्यांना दिलं असतं का? आणि ज्यांनी मारलं त्यांना बोर लागला नाही. घरात असतील ती हत्यारं आणि समोरचा आपल्याला काही करू शकत नाही ही खात्री, एवढं पुरलं. परवाना घेतो तो कोण? ज्याच्याकडे आधीच गाडी आहे, माणसं आहेत, वरून फोन आहे. त्याला रक्षण नकोय, वजन हवंय. कमरेवरचा फुगवटा शर्टातून दिसावा, एवढंच त्याचं काम. म्हणून तर बोर मोठा हवा. खरेदी आहे ती रुबाबाची, आणि रुबाब एमएममध्ये मोजतात. बत्तीस त्याला कमी वाटतं, कारण ते त्याच्या शत्रूला कमी नसून त्याच्या मित्रांना कमी वाटतं.

वस्तीवरच्या माणसाला जे उपयोगी पडतं ते फार बेचव आहे. दारावर दिवा, एक बरं कुत्रं, शेजारच्या वस्तीशी बोलाचाल, ११२, आणि ग्रामसुरक्षा यंत्रणेवर नोंदवलेला फोन, ज्यावर एक कॉल केला की अख्ख्या गावाचे मोबाईल एकदम वाजतात. यातलं काहीच लग्नात दाखवता येत नाही. आमच्या चुलत्यांच्या डब्यालाही बोर नव्हता.

त्या पोराला मी टपरीवर एवढंच विचारलं, “बाळा, तुझ्या जिवावर नेमकं कोण उठलंय?” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “तसं कुणी नाही, काका. पण पार्टनरकडे आहे ना.”

बाबांची बारा बोर त्यांच्या पश्चात आम्ही जमा केली. तेहतीस वर्षांत तिच्यातून अकरा गोळ्या झडल्या होत्या. सगळ्या हवेत, डुकरं हाकलायला.